‘प्रिटी चाइल्ड’च्या आधीची २५ वर्षं

मुंबईच्या फोर्ट भागात फिरोजशाह मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. १९६८च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन तिथे काही दिवस ठाण मांडून बसला होता. बीटल्सच्या चौघांतला हा सर्वांत अबोल गिटारवादक ‘वंडरवॉल’ नावाच्या चित्रपटाला संगीत देत होता आणि त्यासाठी त्याला मुंबईचेच वादक हवे होते. स्टुडिओ साधा होता. खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज भिंती ओलांडून थेट मायक्रोफोनपर्यंत यायचा. तिथे स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची सोयही नव्हती. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या भास्कर मेनन यांनी त्यासाठी दोन ट्रॅकचं स्टुडर यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईत आणवलं.

त्या दिवसांत स्टुडिओत जमलेली मंडळी बघितली तर आज थक्क व्हायला होतं. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खान, पखवाज आणि तबल्यावर महापुरुष मिश्रा, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे. चित्रपटाचं काम उरकत आलं तसा हॅरिसनने आणखी एका धूनचा वाद्यमेळ तिथेच ध्वनिमुद्रित करून घेतला. त्यात केंकऱ्यांबरोबर हरिप्रसाद चौरसियांचीही बासरी होती. ती टेप घेऊन तो लंडनला परतला, फेब्रुवारीत त्याने तिच्यावर आपला आवाज चढवला आणि १५ मार्च १९६८ रोजी बीटल्सची ‘लेडी मॅडोना’ ही तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला हे गाणं होतं: ‘द इनर लाइट’. शब्दांचा आधार चीनमधल्या ‘ताओ ते चिंग’चा. तो सुचवणारे हुआन मास्कारो हे केंब्रिजमधले संस्कृतचे अभ्यासक. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनच्या गाण्याला जागा मिळाली ती याच वेळी पहिल्यांदा, आणि त्याचा सगळा वाद्यमेळ फोर्टातला होता.

मुंबईतल्या रॉकचा इतिहास सांगताना या तबकडीपासून सुरुवात करण्याला एक कारण आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या बँडला मुंबईत येऊन नवं गाणं करता आलं. त्याच मुंबईत गिटार घेऊन बसलेल्या पोरांना मात्र स्वतःचं गाणं लोकांसमोर ठेवायला आणि ते लोकांच्या गळी उतरवायला पुढची २५ वर्षं लागली. ती वर्षं आळसात गेली नाहीत. त्या मुलांनी अफाट मेहनत केली. अडचण होती ती ऐकणाऱ्यांच्या सवयीची, वाद्यांच्या टंचाईची, आणि गाणं छापून विकणारं कोणी नसण्याची.

साठच्या दशकात मुंबईत बीट ग्रुपांचं पेव फुटलं होतं. सॅव्हेजेस, जेट्स, कम्बस्टिबल्स अशी नावं. ही मुलं वांद्रे, माझगाव, कुलाबा, भायखळा अशा वस्त्यांमधली, बहुतेक कॉन्व्हेंट शाळांतली. बाहेरचं गिटार आणायचं तर आयात परवाना आणि भरमसाट जकात. म्हणून कलकत्त्याच्या कारखान्यातलं गिवसन गिटार घ्यायचं. ॲम्प्लिफायर ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बनवून घ्यायचा. तारा तुटल्या की धोबीतलावला फुर्ताडोजमध्ये चौकशी करायची आणि नसतील तर परदेशातून येणाऱ्या कुणाची तरी वाट बघायची. गाणी शिकायची तीही कानाने. रेडिओ सिलोनवर किंवा कुणाच्या घरच्या तबकडीवर गाणं ऐकायचं, सुई उचलून पुन्हा मागे ठेवायची, शब्द वहीत उतरवायचे. ऐकू न आलेल्या जागी अंदाजाने शब्द घालायचे. हुबेहूब वाजवणं हीच त्या काळातली कसोटी होती. जो बँड परदेशी तबकडीच्या जितका जवळ, तितका तो थोर.

१९७० आणि १९७१ मध्ये सिमला बीट स्पर्धा गाजली. सिमला हा इम्पिरियल टोबॅको कंपनीचा सिगारेटचा ब्रँड. देशभरातले बँड त्यात उतरले आणि अंतिम फेरी मुंबईत षण्मुखानंद सभागृहात झाली. दोन्ही वर्षी निवडक बँडची एकेक एलपी निघाली. आज त्या तबकड्या युरोप-अमेरिकेतले संग्राहक शोधत फिरतात. १९७०च्या तबकडीत क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडची दोन गाणी दोन वेगवेगळ्या भारतीय बँडनी वाजवलेली आहेत. त्यांच्याच शेजारी शिलाँगच्या फेंटोन्सचं ‘अन्टिल द डॉन’ हे स्वतःचं गाणं आहे. एकाच तबकडीवर नक्कल आणि निर्मिती अशी मांडीला मांडी लावून बसलेली दिसते. ऐकताना फेंटोन्सचं गाणं आलं की कान टवकारले जातात, कारण तिथे पहिल्यांदा कुणीतरी स्वतःचं काही सांगतंय असं वाटतं.

मुंबईत हा गाजावाजा चालू होता तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त. मुंबईच्या बीट संगीताचा सगळा बहराचा काळ त्यांच्या कारकिर्दीत बसतो. पण हे दोन महाराष्ट्र एकमेकांना ओळखत नव्हते. नाईक ज्या बंजारा समाजातून आले, त्या समाजाच्या तांड्यांवर होळीला रात्र रात्र लेंगी चालते. त्या गाण्यांत नक्कल कुणाची नसते, शब्दही घरचे आणि ठेकाही घरचा. दक्षिण मुंबईतल्या सभागृहात मात्र इंग्रजी बोलणारी, महाविद्यालयात शिकणारी काहीशे मुलं लंडन-कॅलिफोर्नियाकडे कान लावून बसली होती. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, त्यांनी इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या क्लबात वाजवलंही. त्याच वर्षी राज्यात भीषण दुष्काळ होता आणि गावोगावी लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. या दोन गोष्टी एका वर्षातल्या आहेत हे विसरून मुंबईच्या रॉकचं कौतुक करणं अपुरं ठरेल. ते संगीत मूठभरांचं होतं. त्यातल्या काहींनी ती मूठ उघडण्याचा प्रयत्न केला, म्हणून तर ही गोष्ट सांगण्यासारखी झाली.

असा प्रयत्न करणाऱ्यांत पहिलं नाव घ्यायला हवं ते नंदू भेंडे यांचं. आत्माराम भेंडे आणि डॉ. आशा भेंडे यांचा हा मुलगा. आत्माराम भेंडे म्हणजे मराठी रंगभूमीवरचे विनोदाचे बादशहा आणि कसबी दिग्दर्शक. घरात नाटक, आणि मुलगा वेल्व्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा बँडमध्ये रॉक गातोय. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा उभा केला, तेव्हा जूडसची भूमिका नंदूकडे आली. ज्यांनी ती ऐकली ते आजही त्या आवाजाबद्दल भरभरून बोलतात. वरच्या पट्टीत गेल्यावर फाटणारा, पण सुटू न देणारा तो आवाज.

पुढची गोष्ट मात्र मराठी वाचकांनी जास्त जपायला हवी होती. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणलं. मूळ नाटक बर्टोल्ट ब्रेश्टचं, १९२८ सालचं, संगीत कुर्ट वाइलचं. मराठी रूप पु. ल. देशपांडे यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. संगीताची जबाबदारी तिघांवर: भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे. एका नाटकात नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक अशा तीन वेगळ्या जातींची गाणी एकापाठोपाठ एक येत होती. भेंडे नुसते संगीतकार नव्हते, अंकुश या गुंडाच्या भूमिकेत ते रंगमंचावर गातही होते. ज्या प्रेक्षागृहात आदल्या रात्री संगीत नाटकाला वन्स मोअर पडले असतील, तिथे इलेक्ट्रिक गिटारवर मराठी शब्द, तेही पुलंचे, ऐकू येत होते.

या घटनेचं महत्त्व तेव्हाच्या रॉकवाल्यांनीही पुरतं ओळखलं नाही आणि नाट्यसमीक्षेनेही नाही. पुलंनी मराठी बोलीची लय मोडू दिली नाही आणि भेंड्यांनी गिटारचा जोर कमी केला नाही. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. रॉक हे इंग्रजीतच होऊ शकतं, देशी भाषेत ते पोकळ वाटतं, असं मुंबईतले बहुतेक बँड नंतरही कितीतरी वर्षं म्हणत राहिले. त्याला उत्तर पुण्यात १९७८ मध्येच देऊन झालं होतं. तबकडीच्या दुकानात ‘रॉक’च्या खणात हे नाटक कधी गेलं नाही, म्हणून कुणाच्या हिशेबात आलं नाही, इतकंच. नंदू भेंडे पुढे चित्रपटांसाठी गायले, मालिकांना संगीत देत राहिले. ११ एप्रिल २०१४ रोजी ते गेले.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डिस्को आलं आणि बीट ग्रुपांचे दिवस भरले. बरेच वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरले, काही परदेशी गेले. ॲटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडच्या नावावर ‘ऑब्सेशन ७७’ हा एकच अल्बम राहिला. त्यालाही तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, पुढे अमेरिकेतल्या एका कंपनीने तो शोधून पुन्हा काढला.

रॉकला पुढचं घर मिळालं ते धोबीतलावला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं रंगभवन, राज्य सरकारचं खुलं नाट्यगृह. वर आभाळ, समोर चढत जाणाऱ्या पायऱ्या, शेजारी रुग्णालयं. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांनी इथे जॅझ यात्रा सुरू केली आणि जगभरातले जॅझ वादक या मंचावर येऊन गेले. मग २६ मार्च १९८० रोजी इंग्लंडचा ‘द पोलीस’ हा बँड इथे वाजवून गेला. कार्यक्रम ठरवला होता टाइम अँड टॅलेंट्स क्लब या समाजकार्य करणाऱ्या पारशी महिलांच्या संस्थेने. पोलीस हा तेव्हाच्या न्यू वेव्ह संगीतातला बँड, म्हणजे पुढे ज्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हटलं गेलं त्याचा थोरला भाऊ. तीन वाद्यं, मोकळी जागा, रेगेचा झोक. सत्तरच्या दशकातल्या लांबलचक गिटार सोलोंवर वाढलेल्या मुंबईकरांना इतक्या थोड्या सुरांत इतकं काही सांगता येतं हे त्या रात्री दिसलं.

१९८६ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास रंगभवनातच इंडिपेंडन्स रॉक सुरू झालं. मिराज बँडचे फरहाद वाडिया त्यामागे होते. आय-रॉक हे त्याचं तोंडात बसलेलं नाव. ऑगस्टचा पाऊस, चिखल, काळे टी-शर्ट आणि पायऱ्यांवर कोंबून बसलेली हजारो मुलं. कल्याण-डोंबिवलीहून लोकलने येणारी, पुण्याहून रात्रीची गाडी पकडून आलेली. कॉन्व्हेंटची मक्तेदारी इथे पहिल्यांदा मोडली. पाटील, सावंत, शेख, फर्नांडिस सगळे एका पायरीवर.

हा प्रेक्षक मात्र कठोर होता. ओळखीचं गाणं सुरू झालं की रंगभवन डोक्यावर घ्यायचं, अनोळखी गाणं सुरू झालं की पायऱ्यांवरून आरोळ्या. डीप पर्पल वाजवा, मेडन वाजवा. पहिल्या दोन सुरांत ओळख पटली नाही तर बाटल्या भिरकावल्या जायच्या. अशा जागी मंचावर उभं राहून ‘आता आमचं एक नवं गाणं’ असं म्हणायला छाती लागायची. म्हणून बँड एक युक्ती करायचे. दोन गाजलेल्या परक्या गाण्यांच्या मधे आपलं एक गाणं दामटायचं, आणि लोक सावरायच्या आत पुढचं ओळखीचं गाणं सुरू करायचं.

रॉक मशीन हा बँड याच रिवाजात वाढला आणि त्यानेच तो मोडला. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या बँडचा कणा होता गिटारवादक महेश तिनईकर. बासवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. आधी गायक होते इयन सांतामारिया, नंतर गाण्याची धुरा उदय बेनेगल यांच्याकडे आली. पुढे जयेश गांधींचं दुसरं गिटार. नावांची ही यादी वाचली तरी जुन्या मुंबईचा एक वाडाच समोर उभा राहतो. सुरुवातीला हेही परदेशी गाणीच वाजवायचे आणि फार चोख वाजवायचे. त्यामुळे रंगभवनचा प्रेक्षक त्यांचा झाला. तो आपला झाल्यावर त्यांनी हळूहळू स्वतःची गाणी पुढे करायला सुरुवात केली, आणि १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला. सगळी गाणी स्वतःची.

तेव्हा कॅसेट आली होती, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. तबकडी छापणं हे मोठ्या कंपनीचं काम, एका कारखान्याच्या मर्जीवर चालणारं. कॅसेट स्वस्त, खिशात मावणारी, कुठेही वाजणारी. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये ती मिळायची. एकाने विकत घेतली की होस्टेलमध्ये दहा जण कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचे. यात कंपनीचं नुकसान होतं, पण गाणं पसरत होतं. आय-रॉकला जो मुलगा पायरीवर बसायचा त्याच्या वॉकमनमध्ये आता बँडचं स्वतःचं गाणं आधीच वाजून झालेलं असायचं. तो अनोळखी गाण्यावर बाटली उगारायचा, कारण त्याला ते माहीत नसायचं. माहीत झाल्यावर तोच पोरगा ओळ न ओळ म्हणू लागला. दोन परक्या गाण्यांच्या मधे लपवायची गरज संपली.

‘रेनेगेड’ आज ऐकताना त्याच्या मर्यादा जाणवतात. आवाज, केशभूषा, गिटारचा पोत, सगळं अमेरिकेतल्या ऐंशीच्या दशकातल्या हार्ड रॉकवर बेतलेलं आहे. गाणं स्वतःचं, पण पेहराव उसना. तरीही पहिलं पाऊल म्हणून त्याचं मोल मोठं आहे. १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा अल्बम आला. ‘टॉप ऑफ द रॉक’ या गाण्याचा त्यांनी व्हिडिओ केला, आणि भारतीय रॉक बँडने असा व्हिडिओ करणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. दाखवणार कुठे, हाच पहिला प्रश्न. घराघरात दूरदर्शन, आणि दूरदर्शनवर गिटारवाल्या केसाळ पोरांना जागा किती मिळणार?

उत्तर हाँगकाँगहून आलं. १९९१ मध्ये स्टार टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं आणि त्यातल्या एका वाहिनीचं नाव होतं एमटीव्ही. आखाती युद्धाच्या बातम्यांसाठी छपरांवर चढलेल्या थाळ्यांना आता हे नवं काम मिळालं. गल्लीतला केबलवाला एक थाळी बसवायचा आणि झाडांवरून, गच्च्यांवरून काळी वायर ओढत घराघरात जोडणी द्यायचा. या वाहिनीला आशियातले व्हिडिओ हवेच होते, आणि मुंबईत ते तयार होते.

जिल्ह्याच्या गावांसाठी हा बदल किती मोठा होता याची कल्पना यवतमाळवरून येते. रंगभवन इथून जवळपास ७०० किलोमीटर. १९९३ मध्ये यवतमाळहून सुटणारी शकुंतला रेल्वे अजून वाफेच्या इंजिनावर धावत होती. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं ते इंजिन मूर्तिजापूरपर्यंतचं ११३ किलोमीटरचं अंतर कापायचं आणि प्रवाशांनी तिथे उतरून मुंबईची गाडी धरायची. डिझेलचं इंजिन १९९४ मध्ये आलं. म्हणजे ज्या गावाबाहेर पडायला वाफेवरची नॅरोगेज गाडी होती, अशा गावांच्या गच्च्यांवर त्याच सुमारास उपग्रहाची थाळी येऊ लागली होती. आय-रॉकचं तिकीट, प्रवास, मुंबईतला मुक्काम हे ज्याला कधीच जमलं नसतं, त्याच्यापर्यंत मुंबईचा बँड आपल्या पायाने चालत आला. मूठ उघडायला सुरुवात झाली ती अशी.

१९९३ मध्ये रॉक मशीनने नाव बदलून इंडस क्रीड केलं. नावाबरोबर गाण्यांचा बाजही बदलत होता, केशभूषेचा भपका ओसरला होता आणि इथले ताल, इथले सूर वाकून बघू लागले होते. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याचा त्यांचा व्हिडिओ एमटीव्हीवर दिसू लागला. वाहिनीच्या वार्षिक पुरस्कारांत तेव्हा जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा एकेक पुरस्कार असायचा. २ सप्टेंबर १९९३ रोजी लॉस एंजलिसला झालेल्या सोहळ्यात आशियाचा पुरस्कार ‘प्रिटी चाइल्ड’ला मिळाला.

त्या रात्रीची बाकीची नावं बघितली म्हणजे या पुरस्काराचं वजन कळतं. वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरला पर्ल जॅमचा ‘जेरेमी’. सर्वोत्तम अल्टरनेटिव्ह व्हिडिओ निर्वाणाचा ‘इन ब्लूम’. सिॲटलचा तो सगळा भर. ज्या अमेरिकन बँडनी हार्ड रॉकचा भपका फेकून देऊन साध्या शर्टात, मोडक्या आवाजात नवं संगीत जगासमोर आणलं, त्यांच्याच पंगतीत धोबीतलावच्या पायऱ्यांवर बाटल्या झेललेला बँड बसला. आणि तो बसला स्वतःच्या गाण्यावर. त्याआधीच्या २५ वर्षांत मुंबईतून जगाकडे गेलेली रॉकची तबकडी म्हणजे हॅरिसनची, दुसऱ्याच्या गाण्याला आपले वादक. यावेळी गाणं इथलं होतं.

त्याच वर्षी अलाहाबादहून अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केलं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता सोडून अलाहाबादहून रॉकचं मासिक निघावं, यातच बदललेला काळ दिसतो. १९९४ मध्ये स्टार आणि एमटीव्ही वेगळे झाले, चॅनल व्ही सुरू झालं, आणि १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया आली. या ओढाताणीत वाहिन्यांना कळून चुकलं की इथे खरा धंदा हिंदी चित्रपटगीतांचा आणि इंडीपॉपचा आहे. इंग्रजी गाणाऱ्या भारतीय बँडना मिळालेली जागा हळूहळू आक्रसत गेली. इंडस क्रीडचा त्याच नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला आणि तो त्यांचा तोवरचा सर्वांत कसदार अल्बम होता. पण १९९७ मध्ये बँड फुटला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा नवा संच उभारला.

रंगभवनाचंही पुढे फारसं बरं झालं नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं आणि न्यायालयांच्या भोवतालचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरले. शेजारी रुग्णालयं आणि कॉलेज असलेल्या या खुल्या नाट्यगृहात गिटार वाजणं मग बंदच झालं. रुग्णांच्या बाजूने बघितलं तर नियम रास्त होता. पण त्या बदल्यात शहराने दुसरी तशी जागा दिली नाही, ही चूक मात्र सरकारची आणि महापालिकेची. स्वस्त तिकिटात, लोकल स्टेशनाच्या जवळ, हजारो मुलांना उघड्यावर बसून संगीत ऐकता येईल असं ठिकाण दक्षिण मुंबईत त्यानंतर झालंच नाही. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर वगैरे फिरत राहिलं. रॉक पुन्हा महागड्या क्लबांत आणि पंचतारांकित हॉटेलांत शिरलं, आणि डोंबिवलीच्या पोराला पायरी उरली नाही. ऱ्हिदम हाउसही २०१६ मध्ये बंद झालं.

तरी ‘प्रिटी चाइल्ड’नंतर एक गोष्ट मागे गेली नाही. त्यानंतरच्या मुंबईच्या बँडना स्वतःची गाणी का वाजवता, असं कुणी विचारलं नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या पेंटाग्रामने, म्हणजे विशाल ददलानी, रँडॉल्फ कोरिया, शिराज भट्टाचार्य आणि बासवर पापल माने यांच्या संचाने, रॉकमध्ये इलेक्ट्रॉनिक आवाज मिसळले आणि २००५ मध्ये ते इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवून आले. पुण्याच्या अग्नी बँडने २००७ मध्ये पहिल्या अल्बमसाठी हिंदी निवडलं. मुंबईच्या अभंग रिपोस्टने तर संतांचे अभंगच गिटार-बास-ड्रम्सवर घेतले. नंदू भेंड्यांनी १९७८ मध्ये पुलंच्या शब्दांवर जे करून दाखवलं, त्याला वारस मिळायला जवळपास ४० वर्षं गेली. ही मुलं आज वारकऱ्यांच्या पोरांसमोरही वाजवतात आणि महाविद्यालयांच्या महोत्सवांतही, आणि दोन्हीकडे टाळी पडते.

इंडस क्रीड २०१० मध्ये पुन्हा जमलं. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया जुने, बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी नवे. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम निघाला. त्यात ऐंशीच्या दशकाची नक्कल औषधालाही सापडत नाही. वय झालेल्या माणसांनी सावकाश, विचार करून केलेलं ते संगीत आहे, आणि ‘रेनेगेड’नंतर लगेच ते ऐकलं तर या मंडळींनी किती पल्ला गाठला ते कळतं. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. पर्ल जॅमच्या ज्या ‘टेन’ अल्बममध्ये ‘जेरेमी’ आहे, त्याचं मिक्सिंग १९९१ मध्ये याच पामर यांनी केलं होतं.